मिरची-टोमॅटोला वळण लावताना: गॅलरीतल्या कुंडीत फांदी न मोडता वाकवायची पद्धत

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या इमारतीत एकाच आठवड्यात चार घरांतल्या मिरच्या मोडल्या. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो आम्ही, सातवा मजला, पश्चिमेची गॅलरी. चौघांनीही फांद्या वाकवून बांधायचे व्हिडिओ पाहिले होते, सुतळी आणली होती, आणि रविवारी सकाळी झाडांना पाणी घालून झाल्यावर कामाला लागले होते. या एका वाक्यात तीन चुका आहेत. पुढे त्या एकेक करून येतीलच.

हे व्हिडिओ बहुतेक परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांचे असतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ते झाड लावणं 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच सोडू. पण युक्ती त्या झाडाची खासगी नाही. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा वाकवून खाली आणला की हा दाब सैल होतो, बगलेतले डोळे फुटतात आणि एका काठीऐवजी फांद्यांची रांग उभी राहते. मिरची, वांगं, टोमॅटो, सगळ्यांत हेच चालतं.

गोंधळ होतो तो नक्कल जशीच्या तशी केल्यामुळे. एक तर मिरचीचं खोड आठ-बारा पानांनंतर आपणहून दुभंगतं आणि ती बेचकी काचेसारखी नाजूक असते. दुसरं म्हणजे त्या व्हिडिओंमध्ये दिवा झाडाच्या डोक्यावर असतो, म्हणून ते फांद्या चारी बाजूंना गोल पसरवतात. आपल्याकडे ऊन डोक्यावरून येत नाही, ग्रिलमधून येतं. गोल पसरवलेल्या झाडाचा मागचा अर्धा भाग भिंतीच्या सावलीत बसतो. गॅलरीत झाड ग्रिलला समांतर, पंख्यासारखं चपटं पसरवायचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आधी ठरवा: कोणत्या झाडाला हात लावायचा

साधी तिखट मिरची, वांगं आणि वेलासारखा वाढत राहणारा टोमॅटो (चेरी टोमॅटोच्या बहुतेक जाती यातल्याच) ही वळण घेणारी झाडं. पुसा ज्वालासारखी मिरची मुळातच बुटकी आणि फांदाळ असते, तिला फार काही करावं लागत नाही. ढोबळी मिरची वाकवूच नका, तिला फक्त आधार द्या. आणि बुटक्या, झुडपी जातीच्या टोमॅटोचा शेंडा खुडलात तर स्वतःच्या हाताने पीक कमी कराल, कारण त्याची वाढ ठरावीक उंचीवर थांबतेच. बियांच्या पाकिटावर जात लिहिलेली असते, ती वाचा.

पानं वर वळून वाटीसारखी झाली असतील किंवा आखडली असतील, म्हणजे ज्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो तो दिसत असेल, तर सुतळी-कात्री बाजूला ठेवा. आधी पानांच्या मागे फुलकिडे, कोळी, पांढरी माशी बघा आणि त्यांचा बंदोबस्त करा. आजारी झाडाला वाकवलं की ते सावरत नाही, आणि मग दोष पद्धतीला जातो.

थांबा: घरात कुणी तंबाखू मळत असेल तर त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय मिरची-टोमॅटोला हात लावू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू बोटांवरून या झाडांत जातो, आणि एकदा गेला की त्यावर औषध नाही. कात्रीलाही हाच नियम.

वेळापत्रक

ठाण्यात पावसाळ्यात हा खेळ मांडू नका. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं असतं, रोपं लांबट आणि लुळी होतात, त्यात सातव्या मजल्यावरचा वारा. मी बी टाकते ते गणपती बसतात त्या सुमारास, गॅलरीच्या आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशा जागी. तिथून दसरा साधारण पाच आठवड्यांवर असतो, तोवर रोप मोठ्या कुंडीत लावण्याजोगं होतं. कोजागिरी होऊन आठवडा उलटला की पहिला वाक. परतीच्या पावसाची वावटळही तोपर्यंत ओसरलेली असते.

ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. पश्चिमेला दुपारी एकच्या पुढेच मिळतं, तरीही मिरची होते. पाच तासांपेक्षा कमी थेट ऊन असेल तर वळण लावून मिरच्या वाढणार नाहीत, फक्त पानं वाढतील.

टप्पा 1: कुंडी कायमच्या जागी बसवा

12 बाय 12 इंची ग्रो बॅग किंवा तेवढीच कुंडी. लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), साधारण सारख्या भागांत. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट जास्त झालं तर पाणी धरून ठेवतं, आणि पुढे तहानेची वेळ साधायची आहे तेव्हा ती साधत नाही.

कुंडीच्या काठाला ग्रिलच्या समांतर रेषेत, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन भोकं पाडा. ग्रो बॅगला जाड दाभण पुरतं, प्लास्टिकच्या कुंडीला खिळा गरम करून. भोकं रोप लावायच्या आधी पाडायची. नंतर पाडायला गेलं की मुळं हलतात, आणि खिळ्याचा वाफारा पानाला लागतो तो वेगळाच.

इथे बहुतेकांची एक चूक होते. झाड बांधतात ग्रिलला आणि कुंडी असते जमिनीवर मोकळी. माझ्याकडे एकदा मावशींनी फरशी पुसायला कुंडी वीतभर सरकवली. झाड जिथे होतं तिथेच राहिलं. बेचकीपासून उभं चिरलं. त्यांचा काय दोष, त्यांना दोरा दिसलाही नसेल. तेव्हापासून प्रत्येक दोरा कुंडीच्याच काठाला. कुंडी हलली तर झाड कुंडीबरोबर हलेल. कबुतरांच्या जाळीलाही बांधू नका, वाऱ्याने ती सतत आतबाहेर होत असते.

बांधायला काय घ्यावं? जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या बोटभर रुंद चिंध्या सगळ्यांत उत्तम. हारवाल्याकडे केळीचं सोप (खोडाचं सालपट) मिळतं, तेही ओलं करून छान बसतं, फक्त महिन्याभरात बदलावं लागतं. सुतळी नको. ती पाणी पिते, आखडते, खोडाला आवळते आणि मग कुजते. नायलॉनचा दोरा तर सालच कापतो. याशिवाय घरच्या वायरिंगची, आत एकच जाड तांब्याची तार असलेली वायर ठेवा. वायरमनकडे तुकडे उरलेले असतात. वीतभर तुकडा वाकवून छत्रीच्या मुठीसारखा आकडा केला की तो ठेवला तसा राहतो.

टप्पा 2: मूळ बसू द्या, मग बुंध्याला उलटा ताण

रोप लावल्यावर दहा-बारा दिवस काहीही करायचं नाही. नवीन पान पूर्ण उघडलं, त्याच्यामागे दुसरं डोकावू लागलं, म्हणजे मुळांनी माती धरली. या बारा दिवसांत हात शिवशिवतात, पण धीर धरा.

मग वाकवायच्या आदल्या दिवशी बुंध्याला, मातीपासून दोन-तीन इंचांवर, चिंधीचा सैल फास घाला. झाड उजवीकडे वाकवायचं असेल तर हा फास डाव्या काठाच्या भोकाला बांधा. फास इंग्रजी आठच्या आकड्यासारखा: एका घरात खोड, दुसऱ्या घरात त्या भोकात अडकवलेला वायरचा आकडा, मध्ये पीळ. खोड आणि फास यांच्यात करंगळी सहज जायला हवी.

हा उलटा ताण नसेल तर शेंडा ओढला की सगळा जोर मुळांवर येतो. कुंडीतली माती एका बाजूने फुगलेली दिसते ती त्यामुळेच. वरून सगळं नीट वाटतं आणि चार दिवसांनी झाड मान टाकतं.

तपासा: शेंडा बोटाने हळूच ढकला. मातीजवळ बुंधा हलला तर फास ढिला आहे.

टप्पा 3: तहानेची वेळ साधा

सकाळी खोड पाण्याने टम्म भरलेलं असतं. त्या वेळी ते गवारीच्या ताज्या शेंगेसारखं कट्‌कन मोडतं. तीच शेंग दुपारपर्यंत ओट्यावर राहिली की कशी वाकते, तसंच खोडाचं. म्हणून ज्या दिवशी वाकवायचं त्या दिवशी सकाळी पाणी द्यायचं नाही. दुपारी साडेतीन-चारला बघा. खालची पानं किंचित लुळावलेली दिसली, माती बोटाच्या पहिल्या पेराइतकी कोरडी लागली, की वेळ झाली. काम उरकून, अर्ध्या तासाने, पोटभर पाणी.

पानं पार लोंबकळेपर्यंत वाट पाहू नका. ऑक्टोबरच्या उन्हात पश्चिमेच्या गॅलरीत ती हद्द तासाभरात ओलांडली जाते, त्यातही शेजारच्या एसीच्या बाहेरच्या पेटीची गरम हवा अंगावर येत असेल तर आणखी लवकर.

टप्पा 4: पहिला वाक

मिरचीला योग्य वय म्हणजे सहा-आठ पानं, उंची वीतभर, आणि बेचकी अजून फुटलेली नाही. खोड हिरवं हवं. बुंध्यावर तपकिरी उभ्या रेघा दिसू लागल्या असतील तर तो भाग लाकडासारखा व्हायला लागलाय, तिथे वाकवायचं नाही, त्याच्या वर.

आता हे सावकाश वाचा, कारण मोडतं ते इथे. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी खोडाच्या खालच्या भागाला आधार देतील. उजव्या हाताच्या दोन बोटांत, दोन पानांच्या मधलं पेर धरून, अगदी हलकं इकडे-तिकडे डोलवा. दाबायचं नाही, पिळायचं नाही. आठ-दहा वेळा डोलवल्यावर त्या पेराचा ताठरपणा गेलेला बोटांना कळतो. मग त्याच्या वरचं पेर. असं तीन-चार पेरांवर करा. वाक एका ठिकाणी आणायचा नसतो, या तीन-चार पेरांत वाटून द्यायचा असतो, धनुष्यासारखा. एकाच ठिकाणी कोन झाला की तिथली साल ताणून चकचकीत दिसते. ती दिसली की लगेच हात सैल करा, थोडं मागे घ्या. आणि बारीकसा जरी ‘कट्’ आवाज आला तरी थांबा, त्या दिवसाचं काम संपलं.

पहिल्या दिवशी निम्मंच वाकवायचं, घड्याळात बारावर असलेला काटा दीडवर येईल इतकं. वायरचा आकडा शेंड्याखालच्या तिसऱ्या-चौथ्या पानाच्या वर अडकवा आणि दुसरं टोक उजव्या काठाच्या भोकात. शेंड्यालाच आकडा लावू नका, तो कोवळा असतो, तुटतो.

दिशा पुन्हा एकदा बघून घ्या: ग्रिलला समांतर. उन्हाकडे ओढत वाकवलं तर पुढच्या फांद्या मागच्यांवर सावली धरतात. भिंतीकडे वाकवलं तर झाड दोन दिवसांत मान फिरवून सगळी मेहनत वाया घालवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडा पुन्हा वर वळलेला दिसेल. माझी शेजारीण म्हणाली होती, "अगं, सुटलं बघ ते!" सुटलेलं नसतं. झाड उजेडाकडे आणि वरच्या दिशेला मान उचलणारच. खोड कललेलं आणि शेंडा वर, असं हॉकीच्या काठीसारखं दिसलं म्हणजे बरोबर झालंय.

टप्पा 5: दर तीन-चार दिवसांनी

वाढेल तसा आकडा पुढे सरकवायचा आणि प्रत्येक वेळी थोडं खाली आणायचं. काटा दीडवरून अडीचवर. सपाट आडवं, म्हणजे तीनवर, नेऊ नका, आणि शेंडा बुंध्याच्या पातळीखाली तर कधीच नको. तसं केलं की शेंडा मरगळतो आणि बुंध्याजवळचा एकच डोळा उसळून वर येतो, पुन्हा तीच एक काठी.

आठवड्याभरात बगलांमधून फुटी येतात. त्यांच्यावर मोठं पान आलं असेल तर पान तोडायचं नाही, देठ धरून फुटीच्या मागे सरकवायचं. पानं तोडून उजेड करण्याची घाई फार दिसते. अन्न तयार करणारी तीच आहेत.

बेचकी फुटली की त्या दोन फांद्या डावी-उजवीकडे कलवायच्या असतात, पण ओढ बेचकीजवळ द्यायची नाही. फांदी बोटभर लांब होऊ द्या आणि आकडा तिच्या टोकाकडच्या तिसऱ्या भागात लावा. त्याआधी बेचकीच्या खालून चिंधीचा एक सैल वेढा देऊन ठेवा. आणि जेवढं वाकवावंसं वाटतंय त्याच्या निम्मंच वाकवा.

तपासा: आठवड्यातून एकदा प्रत्येक फास सोडून परत बांधा. खोड जाड होत जातं आणि मागच्या आठवड्यातला सैल फास या आठवड्यात वळ उठवतो. कुंडी फिरवायची सवय असेल तर आता पाव फेरी देऊ नका, पंखा ग्रिलला आडवा येईल. अर्धी फेरी चालते.

टप्पा 6: शेंडा खुडायचा का?

वाकवणं जमलं असेल तर मिरचीत गरज नाही. वांग्याला मात्र खुडलेलं मानवतं: सहा-सात पानांवर, नखाने, फक्त वरचं तांदळाएवढं टोक. कात्री लावून दोन पेरं छाटणं म्हणजे खुडणं नव्हे. वाकवणं आणि खुडणं एकाच दिवशी करू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या.

टप्पा 7: टोमॅटोचं गणित वेगळं

टोमॅटो दुपारच्या तहानेत मऊ असतो, मिरचीपेक्षा सहज वाकतो, म्हणूनच लोक त्याला वाटेल तसा दामटतात. त्याला आडवा करू नका, ग्रिलसमोर तिरका चढवा. कुंडीतच दोन काठ्या तिरक्या रोवा, इंग्रजी व्हीसारख्या. मुख्य खोड एका काठीवर, आणि पहिल्या फुलांच्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट दुसऱ्या काठीवर. हीच फूट सगळ्यांत जोमदार असते. बाकीच्या बगलफुटी बोटभर असतानाच अंगठ्याने बाजूला मोडा. बोटं हिरवी-पिवळी होतात आणि तो वास संध्याकाळपर्यंत जात नाही. कपड्यांना पुसू नका, डाग राहतात.

बांधताना चिंधी पानाच्या देठाखाली येऊ द्या. फुलांच्या घोसाखाली बांधली तर फळं भरल्यावर वजनाने घोसच मुरगळतो.

टप्पा 8: फुलं आली की वाकवणं बंद

कळ्या दिसल्या की फक्त आधार. आता ओढाताण केली तर फुलं गळतात. तहानेची युक्तीही इथे संपली. फळं धरल्यावर पाणी एक दिवस कमी, एक दिवस जास्त असं झालं की टोमॅटोचं बूड काळं पडतं, आणि लोक त्याला कीड समजून फवारत बसतात. थोडं थोडं, पण रोज. खाली ताटली ठेवा, नाहीतर सहाव्या मजल्यावरून फोन येतो.

नत्राचं खतही आवरा. कळ्यांच्या वेळी शेणखताचा मारा केला तर फांद्या गुबगुबीत आणि पोकळ वाढतात, फळांचं वजन त्यांना पेलत नाही.

मोडलंच तर

फांदी पूर्ण तुटली नसेल, साल एका बाजूने जोडलेली असेल, तर ती जगते. पण पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची. जखम सुकायच्या आत दोन्ही भाग जसे होते तसे जुळवा, दोन्ही बाजूंनी आईस्क्रीमच्या काडीचे तुकडे लावा आणि पांढरी चिकटपट्टी किंवा वायरमनची टेप गुंडाळा. हळद, मध, राख असलं काही आत भरू नका, दोन भागांमध्ये काहीही आलं की सांधा बसत नाही. फांदीवर कळ्या असतील तर त्या खुडा. कुंडी दोन दिवस सावलीत. पान दुसऱ्या दिवशी लुळं दिसलं तरी घाबरू नका, तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर फांदी गेली, मोडलेल्या जागेच्या खालच्या पानापर्यंत छाटून टाका.

टेप दहा दिवस काढायची नाही. काढाल तेव्हा तिथे गाठ आलेली दिसेल. बेचकीपासून चिरलेली माझी ती मिरची अशीच जुळली. एका बाजूला जाडसर गाठ राहिली आणि संक्रांतीला तिच्याच त्या बाजूवरच्या मिरच्या भरून सांडग्यात गेल्या.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, सगळ्या चिंध्या सोडवा आणि मिरचीच्या फांद्या बेचकीच्या वर चार-सहा बोटं ठेवून छाटा. मिरची बहुवर्षायू आहे, सांगाडा टिकला तर पुढच्या ऑक्टोबरला वाकवायचं काम निम्मंच उरतं. टोमॅटो मात्र उपटायचा. वायरचे आकडे धुऊन, वाळवून डब्यात ठेवा, दरवर्षी वायरमनला विचारायला लागत नाही.